पाचव्याचं म्हणणं

पाचव्या हॉस्पिटलचा सर्व्हर सकाळपासून तिरका चालला होता. बाकीचे चार एक सांगत होते आणि हा पठ्ठ्या भलतंच. तिने कपाळाला हात लावला आणि त्याला बाजूला काढलं.

शहरातल्या पाच हॉस्पिटलांच्या पेशंटची माहिती पाचही सर्व्हरवर सारखीच असायची. एक बंद पडला तर बाकीच्यांनी गाडा ओढायचा. एखाद्याच्या नोंदी वेगळ्या निघाल्या, तर त्या पुसून त्यावर चौघांच्या उतरवायच्या. हे काम तिचं. तिच्या हाताखाली यंत्रणा कधी अडली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता.

नोंदी पुसायला ती बटण दाबणार, तोच दादाचा फोन आला. तो यातल्याच एका हॉस्पिटलात बाबांच्या कॉटजवळून बोलत होता.

"अगं, बाबा गोळी घेत नाहीयेत. हटूनच बसलेत. म्हणतात, ही माझी नाही. सिस्टरने कॉम्प्युटरवर बघितलं, मीही बघितलं. आता तूच समजाव बाई."

बाबांचं हे असं वर्षभर चाललं होतं. चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे. नातवाला दादाच्या नावाने हाक मारायचे. घरच्यांनी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं होतं. 'हो हो' म्हणायचं आणि आपलं तेच करायचं.

"बाबा, घ्या ना गोळी. एवढे सगळे सांगताहेत."

"सगळे मिळून मला वेड्यात काढताय!" दादाच्या हातून फोन घेत बाबा म्हणाले. "रक्त पातळ करायची माझी गोळी अर्धी असते गं. ही अख्खी आहे. कुणी ऐकेल का माझं?"

'हो हो' तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. बाजूला काढलेल्या सर्व्हरवर तिने बाबांची नोंद उघडली.

अर्धी.

मग उरलेल्या चौघांवर बघितलं. तिथे अख्खी.

नोंदी कुणी आणि कधी बदलल्या, ते तिने तपासलं. चारही ठिकाणच्या नोंदी सकाळी एकदमच बदलल्या होत्या, आणि बदलणारा कुणी डॉक्टर नव्हता. अडीअडचणीला एकाने दुसऱ्याचं काम उचलावं म्हणून त्या चौघांना एकच पासवर्ड होता. तो कुणाच्या तरी हाती लागला होता. पाचवा जुना, त्याचं कुलूप निराळं. तेवढं त्या माणसाला उघडता आलं नव्हतं. त्याचं ते राहिलेलं काम आता ती स्वतःच्या हाताने करणार होती.

तिने चारही सर्व्हर बंद केले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाही औषध देऊ नका, असा निरोप सगळ्या वॉर्डांत पाठवला. यंत्रणा पहिल्यांदाच अडली, तीही तिच्या हाताने.

मग तिने पुन्हा फोन कानाला लावला.

"दादा, ती गोळी परत दे. बाबांचं बरोबर आहे."

दादा हळूच म्हणाला, "मग आता त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. जवळ बस आणि विचार, वर्षभर ते आणखी काय काय सांगत होते."