हो किंवा नाही

अंबूबाईंचे डोळे सुजून मिटले होते. इंजेक्शन दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. डॉक्टर मालिनींनी धावपळ करून त्यांना वाचवलं. आता त्या संगणकावरची एक ओळ स्वानंदला दाखवत होत्या. पेनिसिलिनची ॲलर्जी: नाही.

"आहे यांना. मुलगी आत्ता आंबवड्याहून आली, तिनं सांगितलं. मग हे 'नाही' कुठून आलं?"

दवाखान्याचा प्रोग्राम स्वानंदच्या भोरमधल्या छोट्या कंपनीनं केला होता. जुने केसपेपर त्यात भरायचा भाग शाहिस्तानं लिहिला होता. ती शेजारीच उभी होती.

"तो भाग हिचा आहे," स्वानंद म्हणाला.

शाहिस्तानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

प्रोग्रामच्या एका भागानं दुसऱ्याला काय विचारायचं आणि त्यानं काय उत्तर द्यायचं, तो ठराव, म्हणजे इंटरफेस, स्वानंदनंच केला होता. ॲलर्जी आहे का, याला उत्तरं दोनच ठेवली होती, हो किंवा नाही. जुन्या कागदांवर कित्येकांची तशी नोंदच नव्हती. 'माहीत नाही' असंही एक उत्तर ठेवू या, असं शाहिस्ता तेव्हाच म्हणाली होती. पण तोवर बाकीचे भाग त्याच इंटरफेसवर लिहून झाले होते. तो बदलला तर सगळ्यांनाच हात लावावा लागला असता. नोंद नसेल तिथं 'नाही' टाक, असं त्यानं चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

डॉक्टर शाहिस्ताला बोलू लागल्या. शिकलेल्या मुलीला एवढं कळू नये का, इथं माणसांचे जीव आहेत, असं बरंच. स्वानंद संगणकाकडे बघत राहिला.

खाटेवरून अंबूबाईंचा घोगरा आवाज आला.

"त्या पोरीला नका बोलू. म्याच सांगाया पायजे व्हतं. पर मला कुणी इचारलंच न्हाई."

स्वानंदचे कान तापले.

"मी सांगितलं होतं 'नाही' लिहायला," तो म्हणाला. "ती नको म्हणत होती."

का, असं डॉक्टरांनी विचारलं. काम वाढलं असतं, एवढंच खरं उत्तर होतं. ते त्याच्या तोंडून निघेना.

तो बाहेर आला तेव्हा शाहिस्ता ओसरीतल्या पेशंटना एकेक करून विचारत होती, कुठल्या औषधाचा त्रास होतो का. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो दारातच उभा राहिला. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं त्याचा चेहरा पाहिला, आणि जरा सरकून त्याला बसायला जागा करून दिली.