सांगू नकोस

“वि,” अमीन म्हणाला आणि अडला.

कमरजहां वहीवर पेन्सिल टेकवून बसून राहिली. उद्या शाळेत शुद्धलेखनाची परीक्षा होती. अम्मी अजून मंडईतून आली नव्हती. शब्द सांगायला घरात अब्बांशिवाय कोणी नव्हतं. पुस्तक त्यांच्याच मांडीवर होतं.

उन्हाळ्यात अमीनला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, हातही बराच सुधारला, जीभ मात्र वळेना. एकेकाळी त्याच्या आरोळीने गिऱ्हाईक फळांच्या गाळ्यावर थबकायचं. तो गाळा आता त्याची बायको नसीमबानू चालवत होती. घरी त्याने ‘पा’ म्हटलं की ती पाणी आणून द्यायची. भेटायला येणारे तर त्याची वाक्यंच पुरी करून टाकायचे. सगळे मायेनेच करत. पुढे पुढे त्याने ‘पा’ म्हणणंही सोडलं. नुसतं बोट दाखवायचा.

“विही… र,” अखेर तो म्हणाला. मुलीने लिहून घेतलं आणि पुढचा शब्द विचारला.

नसीमबानू जिना चढून आली तेव्हा आतून नवऱ्याचा आवाज येत होता. ती दारातच थबकली. “पौ… पौर…” करताना अमीनच्या कपाळावर घाम आला होता. तिला बघवेना. शब्द तिच्या ओठांवर आला.

“अम्मी, तू सांगू नकोस,” कमरजहां मान वर न करता म्हणाली. “अब्बांनाच सांगू दे. आमच्या बाईपण हळूहळूच सांगतात.”

नसीमबानू हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

“पौर्णि… मा.”

कमरजहांने लिहिलं आणि वही पुढे केली. ‘णि’ला पहिली वेलांटी हवी होती, तिने दुसरी दिली होती.

“चूक,” अमीन म्हणाला. न अडखळता, खणखणीत.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी मुलगी हसली, मग नसीमबानू, आणि मग जरा ओशाळून अमीनही.

शब्द संपले. कमरजहां दप्तर भरायला उठली. अमीन बायकोकडे वळला. “आज… सी… सीता…”

सीताफळं खपली का, असं तो विचारतोय, हे तिला केव्हाच कळलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली, त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट पाहू लागली.