चौथ्यांदा निघालेली काच

"पुन्हा निघाली?" घड्याळमास्तरांनी विचारलं. विचारलं कसलं, पुटपुटलेच.

"चौथ्यांदा," साहेब हसून म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले हे साहेब जुन्या घड्याळांचे भारी नादिष्ट. घरी कपाटभर घड्याळं, पण सध्या दुरुस्तीला येई ते मनगटावरचं हे एकच. सुटी काच त्यांनी रुमालात बांधून आणली होती.

मास्तर चक्रावून गेले. चाळीस वर्षं काचा बसवण्यात गेली. दुकानाच्या भिंतीवर एकवीस घड्याळं टांगलेली, पण त्यांच्यात मिनिटाचा फरक ते पडू देत नसत. आणि ही बटणाएवढी काच त्यांना दाद देईना! माप बरोबर, खाच बरोबर. फक्त सहाच्या आकड्यापाशी कडेला बारीक ओरखडा, आणि तबकडीवर मळकट डाग.

"बाबा, हात थरथरतो तुमचा. बंद करा आता दुकान," असं मुलगी रोज म्हणे. आता काच निघाली तर खरंच कुलूप लावायचं, हे मास्तरांनी मागच्याच खेपेला ठरवलं होतं. आणि ती निघाली होती. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

साहेबांची बायको बाहेर पायरीवरच्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसली होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हापासून घराबाहेर पडलं की साहेब तिचा हात सोडत नसत.

"म्हातारपणी प्रेम उतू चाललंय यांचं," ती आल्या आल्या मास्तरांना म्हणाली होती.

मास्तरांनी वेळ लावली आणि काच न बसवताच घड्याळ साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"माझी तर मतीच गुंग झालीय, साहेब. माझं कुठं चुकतंय, तुम्हीच बघा."

साहेबांनी पट्ट्याला धरून घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "वा! काय लख्ख बसवलीत हो काच!"

मास्तरांची कानशिलं तापली. काच अजून त्यांच्याच टेबलावर पडली होती. इतक्या वर्षांच्या ओळखीत साहेबांनी अशी थट्टा कधी केली नव्हती.

"अहो, साडेपाचच्या गोळीची वेळ झाली का?" बाहेरून हाक आली.

साहेबांच्या अंगठ्याचं नख सवयीनं सहाच्या आकड्यापाशी गेलं. तिथं काच लागली नाही. ते क्षणभर थबकले. मग त्यांनी तर्जनी हलकेच काट्यांवरून फिरवली.

"दहा मिनिटं आहेत अजून," भिंतीवरच्या एकवीस घड्याळांकडे तोंड करून ते म्हणाले.