कोपऱ्यातली खुर्ची

रेणुका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, तसा साडेचार वर्षांचा धम्मदीप खेळ टाकून तिच्यासमोर येऊन बसला. हाताची घडी, तोंडाला कुलूप. डोळे मात्र तिच्यावरून हलेनात.

दर शनिवारी हेच चालायचं. रेणुका विद्यापीठात बालविकास आणि कुटुंब अभ्यास शिकत होती आणि या सत्रात तिला एका मुलाचं त्याच्या घरी जाऊन निरीक्षण करायचं होतं. तिथं शिकवणाऱ्या पद्मावती मॅडमचा दंडक कडक होता. मूल ज्या खोलीत आहे, तिथं निरीक्षकानं ब्रसुद्धा काढायचा नाही. हसायचं नाही, दिलेलं घ्यायचं नाही, भिंत होऊन बसायचं. काचीगुडा स्टेशनाजवळचं हे घर एकाच खोलीचं होतं, त्यामुळे उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की रेणुकाची भिंत व्हायची.

भिंत होणं तिला जड जायचं, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. हे पोर बोलत का नाही? आगगाडी फरशीवर ढकलायचं, पण तोंडानं झुकझुक नाही. स्टेशनातली गाडी शिट्टी फुंकत गेली की नुसतं बोट दाखवायचं.

आजी पार्वतीबाई कानाला यंत्र लावूनही कमीच ऐकायच्या. "कोठी बाजारातल्या डॉक्टरनं दिलंय बघ. लई हुशार माणूस," असं त्या येईल त्याला कौतुकानं सांगायच्या. रेणुका मान डोलवायची.

आज धम्मदीप उठला आणि पेलाभर पाणी घेऊन आला. ते तिच्यापुढं धरून त्यानं अंगठा ओठाला लावला, भुवया उंचावल्या. पिणार का? रेणुकाला घ्यावंसं वाटलं. पण दंडक तो दंडक. तिनं नजर वळवली. पोरानं हळूच तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि पेला खाली ठेवला.

रेणुकानं लिहिलं, 'हातवारे भरपूर. शब्द एकही नाही.'

कोडं सुटल्यासारखं वाटलं तिला. आई दिवसभर ड्युटीवर, घरात आजी बहिरी. पोर खुणांवरच वाढलं, शब्द रुजलेच नाहीत. पुस्तकातही असंच होतं. शेवटचा एक रकाना उरला होता, दुसऱ्याच्या मनाची जाण. जे मूल बोलतच नाही, त्याला दुसऱ्याचं मन काय कळणार? तिनं तिथं फुली मारली, हात जोडले आणि जिना उतरली.

खाली धम्मदीपची आई गीता स्कूटी लावत होती.

"काय म्हणतो माझा पोपट?"

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. तो बोलत नाही. मला अहवालात तसं लिहावं लागेल."

"काय की मॅडम! माझं लेकरू दिवसभर टकळी लावतंय. मराठी, तेलुगू, गल्लीतली हिंदी, सगळं. तुम्ही आल्या की गप होतंय, म्हणे आजी."

आपला तो बाब्या, रेणुकाच्या मनात आलं. प्रत्येक आई हेच म्हणते, असं मॅडमनी वर्गात बजावलंच होतं.

"तुमचा अहवाल शाळेत पण जाणार ना?" गीतानं विचारलं. "कसंबसं नाव लागलंय त्याचं. असं वाचल्यावर घेतील का ते? नका ना लिहू, मॅडम."

रेणुका म्हणाली, "त्याच्याच भल्यासाठी आहे, ताई. वेळेवर दाखवलं तर बरं."

गीता ओढणीनं डोळे पुसत दूध आणायला गेली. रेणुकानं स्वतःची गाडी काढली आणि तिच्या लक्षात आलं, हेल्मेट वरच राहिलं. ती पुन्हा जिना चढली. शेवटच्या पायरीवर तिचे पाय थांबले.

आत कुणीतरी ओरडून बोलत होतं. आवाज लहान, पण खणखणीत.

"आज्जी, ही अक्का आजबी नाही बोलली!"

"काय म्हणतोस?"

"अगं, ती मुकी हाय बिचारी! म्हणून तर मीबी तिच्यापुढं बोलत नाही. मी बडबड केली तर तिला किती वाईट वाटंल! आज्जी, आपण तिला तुझ्या कोठीच्या डॉक्टरकडं नेऊ या का?"