फिटीतला खलाशी

अ‍ॅबर्डीनच्या बंदराच्या तोंडाशी फिटी ही जुनी कोळीवस्ती आहे. गॅविन रोज दुपारी पर्यटकांना तिथल्या बुटक्या घरांमधून फिरवायचा. नुसत्या इतिहासाला लोक जांभया देतात, म्हणून यंदा त्याने एक भूत रचलं होतं. बुडालेल्या बोटीवरचा तरुण खलाशी धुकं पडलं की गल्लीत येतो, एकेका दारासमोर थबकतो आणि तसाच मागे फिरतो. "मी स्वतः पाहिलाय त्याला," असं तो आवाज खाली आणून सांगायचा. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा.

कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी एफी दारात उभी राहून रोज ती गोष्ट ऐकायची. तिचा मुलगा तीस वर्षांपूर्वी बोटीसकट बुडाला, हे गॅविनला एका सोमवारी पावाच्या दुकानात कळलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दुपारी पर्यटक पांगल्यावर तो टोपी काढून तिच्यापुढे उभा राहिला.

"आजी, चुकलं माझं. ती गोष्ट मी..."

"गप रे. किती दिवस तुला विचारीन म्हणतेय." तिने त्याचा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती. "बरा दिसतो ना तो?"

खरं सांगायलाच तो आला होता. पण तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तोंडून "हो" निघून गेलं.

 

"मग पुन्हा दिसला तर त्याला सांग बाबा, आईने दाराचा रंग तेवढा बदललाय. घर हेच आहे."