शेवंतीची सीट

"काकाजी, ओलं पोतं घ्या अन् सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरा. धूर कुठून फुटते ते पाहू द्या मले," गाडीखालून कुंदन मिस्त्री म्हणाला.

नत्थुजींनी पोतं दाबून धरलं. त्यांची जुनी व्हॅन वलगावहून फुलं घेऊन निघाली होती आणि अमरावतीच्या नाक्यावर येईपर्यंत ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली होती. मार्गशीर्षातला बुधवार. उद्याच्या गुरुवारच्या पूजेसाठी अख्खं शहर फुलं घेणार होतं. पण नत्थुजींचं लक्ष बाजाराकडे नव्हतं. कडुलिंबाखाली उलट्या टोपलीवर बसलेल्या बायकोकडे, जमुनाबाईकडे, ते पुन्हा पुन्हा बघत होते.

आज तिची शेवटची खेप होती. तीन महिने झाले, बाजारात पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायचं, चक्कर यायची. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. मग नत्थुजींनी स्वतःच निदान केलं. झेंडूच्या पोत्यांवर बसून बसून वास डोक्यात गेला, दुसरं काय! डॉक्टरांना जमलं नाही ते आपल्याला जमलं, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला होता. आज निघतानाच त्यांनी सांगून टाकलं, "उद्यापासून तू घरी राह्यजो."

रोज गाडी सुरू केली की ते ओरडायचे, "बसली का व?" आणि मागून ती पत्र्यावर दोन थापा मारायची. व्हॅन घेतल्यापासूनचा हा रिवाज. आज एकच थाप आली होती, तीही नको नको करत.

पुढच्या सीटवर शेवंतीची टोपली असायची. शेवंती नाजूक, दबली की काळी पडते, मग भाव कोण देणार? मागच्या सीटा कधीच काढून टाकल्या होत्या. तिथे झेंडूची पोती, आणि पोत्यांवर जमुनाबाई. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. नत्थुजींना तर नाहीच नाही.

"सापडलं!" कुंदन बाहेर आला. "जोडाचं पॅकिंग जळून गेलं. आता वरून पाहू, धूर अंदर येते का."

दोघांनी पोती उतरवली. कुंदननं खालची चटई उचलली आणि तो थांबला. गंजलेल्या पत्र्याला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यात कापडाचा बोळा ठासून बसवलेला होता. त्यानं तो ओढून काढला, तसा खालचा धूर भसकन वर आला.

"हे कोनं कोंबलं, काकाजी?"

नत्थुजींनी बोळा उलगडला. काजळीनं काळा झाला होता, पण काठ ओळखू येत होता. गजेंद्रच्या, त्यांच्या पोराच्या, लग्नात जमुनेसाठी घेतलेल्या हिरव्या पातळाचा तुकडा.

"चक्कर फुलांनं नाई येत, काकाजी," कुंदन म्हणाला. "हा धूर हाये. हिवाळ्यात खिडक्या लावून याच्यावर बसलं तं मानूस बसल्या जागी जाते."

नत्थुजी तो बोळा घेऊनच कडुलिंबाखाली गेले.

"तुले ठाव होतं?"

जमुनाबाईनं बोळ्याकडे पाहिलं. "धूर येते येवढं ठाव होतं."

"मंग सांगतलं काहून नाई व?"

"तुमीच म्हनलं होतं ना, यंदा गाडीनं काम काढलं तं भंगारात देतो, अन् माल गावातल्या जीवनच्या टेम्पोवर पाठवतो."

"तं काय झालं असतं? तुले घरी आराम भेटला असता!"

"घरी तुमी बोलता कुठी माह्यासंगं?" ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पोरगा, सून, नातवं, मजूर. बोलता ते या गाडीतच."

बोलणं म्हणजे तरी काय, पाणी किती दिलं, तूर कशी आहे, कोणाची सोयरीक जुळली. तेही पुढून मागे ओरडून, इंजिनाच्या वरताण. एवढ्यासाठी ही बाई तीन महिने धुरावर बसली! नत्थुजींना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्यांनी बिनकामाचं खाकरून घेतलं.

कुंदननं नवं पॅकिंग घातलं, भोकावर पत्र्याचं ठिगळ मारलं. पुन्हा ओलं पोतं दाबून पाहिलं. कुठूनही धूर फुटला नाही.

पोती चढली. जमुनाबाई पदर खोचून सवयीनं मागच्या दाराशी गेली. नत्थुजींनी पुढचं दार उघडलं, शेवंतीची टोपली उचलली आणि पोत्यांवर नेऊन ठेवली. मग कमरेच्या दुपट्ट्यानं पुढची सीट पुसायला लागले. दोनदा पुसली.

"अवो, शेवंती दबन ना मांगं," ती म्हणाली.

"दबू दे."

ती बसली. अंग चोरून, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. नत्थुजींनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण कान किटवणारा तो आवाज नव्हता. त्यांनी गिअर टाकला आणि सवयीनं मान वळवून मागच्या पोत्यांकडे बघत ओरडले,

"बसली का व?"

पत्र्यावर थाप मारायला उचललेला जमुनाबाईचा हात मधेच थांबला. तो तिनं नत्थुजींच्या खांद्यावर ठेवला.

"हळू बोला. अथीच तं हाये मी."