घासाघीस

नवऱ्याला स्ट्रेचरवरून आत घेतलं, त्याच्या मनगटाला पट्टा बांधला आणि अॅम्ब्युलन्सच्या पडद्यावर भाडं उमटलं. नऊ हजार.

"मिरजेपर्यंत नऊ हजार? लूट मांडलीय काय बाबा?" शेवंताबाई कडाडली. जुन्या लुगड्यांवर भांडी देण्यात तिची हयात गेली होती. पहिला भाव मान्य करणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"मावशी, भाडं मी नाही, यंत्र ठरवतं," ड्रायव्हर सिकंदर म्हणाला.

"मग सांग त्याला, सहाच्या वर दमडी देणार नाही."

तासगाव मागे पडलं तेव्हा पडद्यावर सहा हजार दिसत होते. तिने नवऱ्याचा गार हात दाबला. "बघितलंत? बोललं की उतरतं."

थोड्या वेळाने आकडा साडेतीनवर आला.

"अजून उतरव की रे," ती खुशीत म्हणाली.

"असं म्हणू नका, मावशी," सिकंदर कसाबसा बोलला. "यात अंतराचे पैसे अगदी थोडे असतात. बाकीचे माणूस वाचण्याच्या आशेचे. जेवढी आशा, तेवढं भाडं."

शेवंताबाई पडद्याकडे बघत राहिली. मग जन्मात पहिल्यांदाच तिने स्वतःहून भाव चढवला.

"नऊ दिले," ती म्हणाली. "दहा घे. बारा घे रे बाबा, बारा घे."